घड्याळातल्या कॅलरींना शिक्का कुणाचा?

सकाळी सहाच्या सुमारास ठाण्यातल्या उपवनच्या तलावाकाठी नाहीतर नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या कडेने चालणाऱ्यांच्या मागे मागे थोडं जाऊन बघा. पूर्वी कानावर पडायचं ते शुगर, गुडघे आणि मुलांची लग्नं. आता त्यात एक प्रश्न वाढलाय : "आज किती जळाल्या?" उत्तरासाठी कुणी विचार करत बसत नाही, मनगट वळवलं जातं. एकाच्या 412, दुसऱ्याच्या 388. मग त्या 24 कॅलरींवरून थट्टामस्करी, आणि नंतर सगळे मिळून चहाला. इथवर कुणाचं काही बिघडत नाही.

पण हा आकडा आता तलावाकाठी थांबत नाही. ऑफिसात महिनाभराची 'फिटनेस चॅलेंज' लागतात आणि पहिल्या तिघांना व्हाउचर मिळतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दहाला स्क्रीनशॉट पडायला लागतात. काही आरोग्य विमा योजनांत एका व्यायामात 300 कॅलरी जाळल्या की तो दिवस 'सक्रिय' धरला जातो, आणि असे दिवस पुरेसे साठले की हप्त्यात सवलत किंवा पैसे परत. म्हणजे मनगटावरच्या आकड्याला आता रुपयांत किंमत आली आहे. माझा आक्षेप घड्याळाला नाही. ते ज्याने त्याने हौसेने घालावं. पण ज्या आकड्यावर पैशांची देवाणघेवाण होते, तो आकडा कुणीतरी तपासलेला असावा अशी आपल्याकडे जुनी आणि शहाणी रीत आहे. कॅलरींच्या बाबतीत ती कुणीच पाळत नाही, आणि पाळायची म्हटली तर हा आकडा तपासणीत टिकणार नाही.

आधी तो येतो कुठून ते पाहू. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा असतो. त्याचा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त तो शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला शोषण थोडं बदलतं आणि त्यावरून नाडी मोजली जाते. आत हालचाल ओळखणारा एक सेन्सर असतो. तो मनगटाचे हेलकावे मोजतो आणि त्यावरून पावलं ठरवतो. तुम्ही घड्याळ सुरू करताना वय, वजन, उंची भरलेली असते. हे सगळं कंपनीच्या सूत्रात घातलं जातं आणि दुसऱ्या टोकाने कॅलरी बाहेर पडतात. ते सूत्र कंपनी सांगत नाही. सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि सूत्र बदललं, तर कालच्याच चालण्याला आज वेगळा आकडा येऊ शकतो.

शरीर खरोखर किती ऊर्जा खर्च करतं हे मोजायची शास्त्रीय रीत वेगळीच आहे. माणसाला बंद खोलीत ठेवून त्याने घेतलेला प्राणवायू आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. नाहीतर हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिकं (त्याच मूलद्रव्यांचे थोडे वजनदार अणू) असलेलं पाणी प्यायला देऊन पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासतात. घड्याळ यातलं काहीच करत नाही. ते नाडी मोजतं, हेलकावे मोजतं आणि कॅलरींचा अंदाज बांधतं. अंदाज बांधायला हरकत नाही, हवामान खातंही बांधतं. पण हवामान खातं '72.4 मिलिमीटर पडणार' असं आदल्या दिवशी छातीठोकपणे सांगत नाही.

अंदाज कितपत जुळतो? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली सात मनगटी उपकरणं 60 स्वयंसेवकांना घालून चालवलं, पळवलं, सायकलवर बसवलं आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रांशी आकडे ताडून पाहिले. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा उपकरणांची चूक 5 टक्क्यांच्या आत होती, म्हणजे उत्तमच. कॅलरींच्या बाबतीत त्यातल्या सगळ्यात चांगल्या उपकरणाची चूक सरासरी 27 टक्के निघाली आणि सगळ्यात वाईटाची 93 टक्के. ती मॉडेलं आता जुनी झाली, हे खरं. पण 2020 मध्ये अशा दीडशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही निष्कर्ष हाच होता की पावलं आणि नाडी बऱ्यापैकी जमते, ऊर्जाखर्च एकाही ब्रँडला नीट जमत नाही.

हे टक्के विम्याच्या 300 च्या रेषेला लावून बघा. एका माणसाने खरोखर 240 कॅलरी जाळल्या. त्याचं घड्याळ 27 टक्के जास्त दाखवणारं असेल तर आकडा 305 येतो. तो पास. दुसऱ्याने 400 जाळल्या. त्याचं घड्याळ तितकंच कमी दाखवणारं असेल तर येतात 292. तो नापास. जास्त घाम गाळणारा सवलतीला मुकतो आणि कमी गाळणारा ती घेऊन जातो, आणि हे सगळ्यात चांगल्या उपकरणाच्या चुकीने. मी हे गणित कागदावर मांडून आमच्या विमा एजंटाला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, अ‍ॅपमध्ये दिसेल ते फायनल." त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. त्याच्या हातात तरी काय आहे?

दुसरी गोष्ट चुकीच्या टक्क्यांहून बारीक आहे आणि मला जास्त महत्त्वाची वाटते. 70 किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने तासभर चालला तर साधारण 245 कॅलरी खर्च होतात. पण तोच माणूस तो तास खुर्चीत बसून राहिला असता तरी 70 च्या आसपास गेल्याच असत्या. हृदय, मेंदू, यकृत, शरीराची ऊब, यांचं बिल रोज येतंच. म्हणजे चालण्याची स्वतःची कमाई 175. बरीच घड्याळं 'एकूण' आणि 'सक्रिय' असे दोन आकडे दाखवतात, पण माणूस कोणता बघतो? मोठा. सकाळी अंथरुणातून उठतानाच स्क्रीनवर चारशे-साडेचारशे झालेल्या असतात, रात्रभर नुसतं झोपून. मग रविवारी तलावपाळीला दोन फेऱ्या मारून मंडळी मामलेदार मिसळीकडे वळतात आणि मनात हिशेब तयार असतो : सकाळपासून 700 गेल्या, आता तर्री मारायला हरकत नाही. मिसळीला माझा काडीचाही विरोध नाही. ती तिखट आहे, चांगली आहे आणि रविवारी खावीच. पण ती 'कमावली' म्हणून खायची आणि ज्या दिवशी आकडा भरला नाही त्या दिवशी पोळी अर्धी करायची, हा जो व्यवहार घराघरांत सुरू झालाय तो चुकीच्या वहीतून चाललाय. त्यात एका बाजूला घड्याळाचा अंदाज आणि दुसऱ्या बाजूला ताटाचा अंदाज. घरच्या आमटीत तेल किती पडलं हे करणारीलाही चमच्यांत सांगता येत नाही, आणि अ‍ॅप मात्र 'वन बोल दाल' असं म्हणून तीन अंकी आकडा टाकून मोकळं होतं. या दोन अंदाजांची वजाबाकी करून जे उरतं, त्यावर कॉलेजातल्या मुली रात्रीचं जेवण सोडतात. याची काळजी मला विम्याच्या सवलतीपेक्षा जास्त वाटते.

आता हे घड्याळ कुणाचे श्रम ओळखतं ते बघा. तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी कामगार 50 किलोची गोण पाठीवर घेतो तेव्हा त्याचे हात वर, गोणीला धरलेले असतात. मनगट हलत नाही. सेन्सरच्या लेखी तो जवळजवळ उभा आहे. त्याचं स्वतःचं वजन घड्याळाला ठाऊक असतं, पाठीवर आणखी 50 किलो आहेत हे कळायचा काही मार्ग नाही. नाडी वाढते, त्यावरून थोडा अंदाज बांधला जात असेल, पण तो ओझ्याचा नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या तक्त्यात 65 किलोच्या पुरुषाला बैठं काम असेल तर दिवसाला 2110 किलोकॅलरी (आपण बोलताना जिला नुसतं कॅलरी म्हणतो ती हीच) आणि जड अंगमेहनतीचं काम असेल तर 3470 लागतात असं दिलं आहे. साडेतेराशेचा फरक आहे हा. सरकारी तक्त्याला जे कळतं ते वीस हजारांच्या घड्याळाला कळत नाही, कारण ते बनवलं आहे हात मोकळे सोडून ट्रॅकवर चालणाऱ्यांसाठी.

घरातही हेच. पोळ्या लाटताना दोन्ही मनगटं पुढेमागे होतात, घड्याळ खुशाल पावलं मोजतं. आणि तीच बाई सुपरमार्केटची ट्रॉली किंवा नातवाची बाबागाडी ढकलत अर्धा तास चालली, की हात दांड्यावर स्थिर, पावलं गायब. गणपतीच्या आधी ढोल पथकांचे सराव सुरू होतात. तिथे एका जागी उभं राहून ढोल बडवणारा पोरगा स्क्रीनवर ठाण्याहून मुलुंडला जाऊन आलेला दिसू शकतो. (त्याची मेहनत खरीच असते, फक्त ती चालण्याची नसते.) ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलमध्ये मे महिन्यात उभं राहिलं तर उकाड्याने आणि गर्दीने नाडी चढते. नाडी चढली म्हणजे श्रम झाले असं धरणारं सूत्र असेल तर दारात लटकणंही व्यायामात जमा होतं.

आणि सूत्रं कुणाच्या शरीरावर बेतलेली आहेत? निवांत पडलेलं शरीर किती ऊर्जा खातं याचं प्रसिद्ध समीकरण हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी 1919 मध्ये अमेरिकेत मांडलं, 136 पुरुष, 103 स्त्रिया आणि काही नवजात बाळांच्या मोजमापांवरून. पुढे 1985 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि अन्न व कृषी संघटनेने स्वीकारलेल्या स्कोफिल्डच्या समीकरणांमागे सात हजारांवर माणसं होती, पण त्यातली जवळपास निम्मी इटालियन. ही समीकरणं भारतीयांना लावली की आकडा जास्त येतो असं आपल्याकडच्या पोषणतज्ज्ञांना आढळलं. म्हणून आपल्या आयुर्विज्ञान परिषदेने 2010 साली आहाराच्या शिफारशी करताना त्यातून सुमारे 5 टक्के कमी केले. त्याच वजनाच्या माणसात आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असण्याचा कल आहे, आणि स्नायू चरबीपेक्षा जास्त ऊर्जा खातात. घड्याळ सुरू करताना तुमचं वजन विचारतात. घड्याळाच्या सूत्रात ही वजावट केली आहे का, हे कुठल्याच खोक्यावर मला छापलेलं दिसलं नाही.

याहून मुळावर घाव घालणारं एक संशोधन आहे. हर्मन पाँट्झर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च वर सांगितलेल्या जड पाण्याच्या पद्धतीने मोजला. 2012 मध्ये ते प्रसिद्ध झालं. ही माणसं रोज मैलोन्मैल चालतात. तरी शरीराचं आकारमान लक्षात घेतल्यावर त्यांचा एकूण खर्च अमेरिकेतल्या बैठ्या माणसांइतकाच निघाला. पाँट्झरचं म्हणणं असं की व्यायाम वाढला की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, आणि तो चालू राहील. पण एवढं तरी त्यातून निघतं, की आज व्यायामात घालवलेले 300 दिवसअखेरच्या बेरजेत जसेच्या तसे 300 म्हणून उतरतील याची खात्री नाही. घड्याळ मात्र बेरीज करत जातं.

"पण लोक चालायला तर लागले ना?" असं माझ्याशी वाद घालणारे म्हणतात, आणि यात तथ्य आहे. 2022 मध्ये 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ' या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार अशी उपकरणं वापरणारे दिवसाला सरासरी 1800 पावलं जास्त चालतात आणि वजनही किलोभर कमी होतं. ज्या शहरात माणूस स्टेशनपर्यंतही शेअर रिक्षाने जातो, तिथे 1800 पावलं ही छोटी गोष्ट नव्हे. म्हणूनच मी घड्याळं काढून टाका असं म्हणत नाहीये. पण ही वाढ पावलांची आहे, आणि पावलं घड्याळाला बऱ्यापैकी मोजता येतात. कॅलरींच्या रकान्याने त्यात काय भर घातली, हे मला कुणी दाखवून दिलेलं नाही. उलट एक उदाहरण आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात वजन कमी करू पाहणाऱ्या 471 तरुणांवर दोन वर्षं प्रयोग झाला. 2016 साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांत, आहार-व्यायामाचं नेहमीचं मार्गदर्शन घेणाऱ्या गटाचं वजन सरासरी 5.9 किलो उतरलं आणि त्याच मार्गदर्शनाला उपकरणाची जोड दिलेल्या गटाचं 3.5 किलो. एका प्रयोगावरून नियम काढू नये. पण यंत्र जोडलं की फायदा होणारच, हे गृहीतकही त्यानंतर धरता येत नाही.

पावलांचाही देव्हारा करायचं कारण नाही. 10,000 चा आकडा वैद्यकातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' होतं. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात दिसलं, की दिवसाला 4400 पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका 2700 वाल्यांपेक्षा बराच कमी होता, आणि 7500 च्या पुढे फायदा वाढेनासा झाला. सोसायटीच्या ग्रुपवर 6000 टाकणाऱ्या सत्तरीच्या आजींना खजील करायचं काही कारण नाही.

तर मुद्दा मापाचा. वाशीच्या भाजीवाल्याच्या तराजूवर वैध मापन विभागाचा शिक्का लागतो आणि तो ठरल्या मुदतीत नव्याने करून घ्यावा लागतो. नसेल तर 2009 च्या वैध मापन कायद्याखाली दंड. रिक्षाचं किमान भाडं 1 फेब्रुवारी 2025 पासून 23 वरून 26 रुपये झालं, तेव्हा मीटर नव्याने कॅलिब्रेट करून घ्यावे लागले. तीन रुपयांसाठी आपण हा खटाटोप करतो, आणि तो योग्यच आहे. रक्तदाब मोजायचं यंत्रही मापनशास्त्राच्या नियमांत येतं. मनगटावरची कॅलरी मात्र तराजूच्या नियमांत नाही आणि दवाखान्याच्या नियमांतही नाही, कारण कंपनी खोक्यावर बारीक अक्षरांत लिहून ठेवते की हे वैद्यकीय उपकरण नव्हे. छान. मग ज्या वस्तूची जबाबदारी बनवणाराच घेत नाही, तिच्या आकड्यावर विमा कंपनी हप्ता कसा ठरवते?

विमा नियामकाने निरोगी सवयींसाठी सवलती द्यायला परवानगी दिली आहे, ती असावी. फक्त त्या सवलतीचा निकष कॅलरी नसावा. चालण्याची मिनिटं घ्या, पावलं घ्या, वर्षातून एकदा केलेली रक्ततपासणी घ्या. आणि उपकरण विकणाऱ्यांना सक्ती करावी की कॅलरींचा आकडा एकटा दाखवायचा नाही, पल्ला दाखवायचा. 245 नव्हे, '180 ते 310'. कंपन्या याला विरोध करतील हे उघड आहे, कारण पल्ला दिसला की त्या रकान्यातली जादूच जाते. पुढे तंत्रज्ञान सुधारेल असं सांगितलं जातं. सुधारू दे. सुधारलं की तपासणीला आणा, शिक्का घ्या आणि मग एकच आकडा दाखवा.

ऑफिसांबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण तिथे प्रश्न माहितीचा आहे. 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत शरीराच्या आणि मनाच्या प्रकृतीची माहिती 'संवेदनशील' अशी वेगळी काढली होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी वेगळी वर्गवारी ठेवलेली नाही, आणि नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा मालकाला दिली आहे. नाडी, झोप, रात्री किती वाजता जाग आली, मासिक पाळी, एवढं सगळं जे यंत्र नोंदवतं ते 'टीम बिल्डिंग' म्हणून एचआरच्या डॅशबोर्डला जोडायचं, हे मला धोक्याचं वाटतं. ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करणाऱ्या मुलाला चॅलेंज नको असेल तर त्याने कारण का द्यावं? स्पर्धा ठेवायचीच तर गटाची बेरीज ठेवावी, व्यक्तीचा आकडा मागू नये.

यात ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांना काही करायला सांगावं का, असाही विचार मनात आला. कॅलरींबद्दल त्या काय करणार? फुटपाथ मोकळे ठेवले तर पावलं आपोआप वाढतील, पण तो वेगळ्या लेखाचा आणि वेगळ्या संतापाचा विषय आहे.

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. बहुतेक घड्याळांत कॅलरींचा रकाना समोरच्या स्क्रीनवरून काढून टाकता येतो, सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. आणि पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली असेल, सवलत कॅलरींवर ठरत असेल, तर विमा कंपनीला लेखी विचारता येतं : कोणत्या कंपनीची घड्याळं तुम्ही ग्राह्य धरता, त्यांच्या कॅलरी-मोजणीतली चूक किती टक्के धरली आहे, आणि 292 आलेल्याला दाद मागायची असेल तर कुणाकडे?